ओडेगार्डच्या रानात

२ सप्टेंबर, सोमवार

जर्डींच्या रानाला पिवळ्या पाट्या लागल्या! कुंपणाच्या कडेनं झाडामागून झाड. ‘खासगी मालमत्ता. आत येऊ नये.’ गाडी रस्त्याकडेला लावून मी वाचत बसले. एक वाचली म्हणजे सगळ्या वाचल्या, तरी पुढची वाचतच होते.

पामर जर्डी मार्चमध्ये वारले आणि पोरांनी लगेच विकून टाकलं. घेणारा शिकागोचा कुणीतरी. त्याला दोष तरी काय द्यायचा? आमच्याकडे कुठं काय लिहून दिलेलं होतं? मी जन्मायच्या आधी पामरनी बाबांना नुसतं ‘ये की’ म्हटलं होतं. त्या शब्दावर आमचा प्रत्येक नोव्हेंबर त्या रानात गेला. बारा वर्षांची असताना मी तिथं पहिल्यांदा बंदूक घेऊन बसले, आता चोपन्न पूर्ण झाली. आई म्हणायची, तुम्हा बापलेकीचं खरं घर तिथं, इथं नुसते जेवायला येता.

बाबांना अजून बोललेले नाही. गेल्या महिन्यात हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पुढच्या हिवाळ्याचं काही ठरवू नका. या हिवाळ्याबद्दल काही म्हणाल्या नाहीत, म्हणजे हा धरायचा. म्हणजे बाबांच्या हातात हा एकच हंगाम आहे. नोव्हेंबरातले हरणाच्या शिकारीचे ते नऊ दिवस. आणि बसायला जागा नाही!

३ सप्टेंबर

सांगितलं. “बरं,” म्हणाले. मग बशी विसळायला घेतली. विसळलेलीच होती ती.

८ सप्टेंबर, रविवार

चर्च सुटल्यावर दारोदार फिरले. जागा मागायची एक रीत असते. सप्टेंबरात मागायची, नोव्हेंबरात मागणाऱ्याला फुकट्या म्हणतात. पुढच्या दारानं जायचं नाही, ते दार पाद्र्यासाठी आणि विमेवाल्यासाठी. मागून गोठ्याशी जायचं. आधी मक्याची चौकशी, मग गुडघ्यांची, मग निघता निघता सहज — ‘यंदा तुमच्या रानात कोण कोण बसणार?’ हरणाचं नाव काढायचं नाही. हे सगळं बाबांनीच शिकवलेलं. बरोबर सफरचंदाचा केक नेला होता.

पहिल्या घरी कळलं, डोंगराची सगळी धार शहरातल्या एका शिकार क्लबाला भाड्यानं दिलीय. दुसऱ्या घरचे म्हणाले, तीन मुली उजवल्या, तीन जावई शिकारी निघाले, आता मलाच माझ्या रानात जागा नाही. तिसरा लोवेल बाकेन. तो जरा विचार करतोय असं वाटलं. मग म्हणाला, तुझा बाप सेल्मर आहे तोवर ठीक, पण पुढं काय? एकटी बाई बंदूक घेऊन रानात, माझ्या पोरांना अवघडल्यासारखं होईल. मी म्हटलं, “तुझी पोरं माझ्या शाळेच्या बसमध्ये बसायची तेव्हाही अवघडायचीच, लोवेल. एकजण तर रोज पँट ओली करायचा.” जागा गेली, पण बरं वाटलं. केक परत आणला.

जेवताना बाबांना लोवेलची गोष्ट सांगितली, हसवायला म्हणून. ते हसले नाहीत. अर्धं ताट तसंच ठेवून उठले. मी तिखटमीठ लावून सांगायला नको होतं. जागा मिळत नाही हे त्यांना किती लागलंय, ते आज दिसलं.

१४ सप्टेंबर, शनिवार

सरकारी रान बघून आले. खडा चढ. पहिल्या दिवशी तिथं जत्रा भरते, झाडं नसतील इतकी माणसं नारिंगी कपड्यांत. बाबांना आता पोस्टाच्या पेटीपर्यंत जाऊन यायचं तर मध्ये एकदा थांबावं लागतं.

त्यांना म्हटलं, आजारी माणसाला उभ्या गाडीतून शिकार करायचा परवाना मिळतो, अर्ज भरू का? बाबा म्हणाले, “गाडीत बसूनच आणायचं, तर दुकानातून आणू. तिथं कापूनपण देतात.”

१७ सप्टेंबर

आज बसच्या फेरीत ओडेगार्डच्या कुरणावर हरणाच्या माद्या दिसल्या. मागं पिलं. उन्हात निवांत उभ्या. पोरं खिडकीला नाकं लावून बघत होती. मीपण बघितलं. बघायला काही परवानगी लागत नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

सगळीकडे विचारून झालं. राहिला एकच. व्हर्लिन ओडेगार्ड.

त्याचं नाव या घरात घेत नाहीत. एक्क्याण्णव साल, मोठं बर्फ पडलं होतं तो नोव्हेंबर. जर्डींच्या रानात बाबांनी एका मोठ्या नरावर बार टाकला. तसा नर या खोऱ्यात पुन्हा कुणी पाहिला नाही. गोळी लागली, तो धावला, कुंपण ओलांडून ओडेगार्डच्या हद्दीत गेला. मी वरच्या अंगाला होते. आधी बाबांचा बार ऐकला, मग थोड्या वेळानं दुसरा, पलीकडचा.

बाबा रक्ताच्या खुणेनं कुंपणापर्यंत गेले आणि तिथं थांबले. विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या रानात पाय टाकायचा नाही, मग जखमी जनावर समोर पडलेलं का असेना. पलीकडे व्हर्लिन गुडघ्यावर बसून त्या हरणाला स्वतःच्या परवान्याचा बिल्ला बांधत होता. आमच्याकडे हे लहान पोरालाही ठाऊक असतं — ज्याच्या गोळीनं जनावर मरणारच होतं, हरीण त्याचं. नंतर कुणी का पाडेना. बाबा म्हणाले, माझी गोळी फुप्फुसातून गेलीय. व्हर्लिन म्हणाला, तुझी खुराला चाटून गेली, पाडलं मी. बाबा म्हणाले, फाडून दाखव. तो म्हणाला, माझ्या रानात मला शिकवू नकोस. आणि फाडलं नाही. न फाडताच ओढून नेलं.

त्या दिवसापासून दोघं बोललेले नाहीत. चर्च एकच, बाकं दोन टोकांना. मयताच्या जेवणात एकानं कॉफी घेतली की दुसरा पाण्यावर भागवतो. मीही बाबांच्या बाजूनं मान फिरवत आले. त्याच्या बायकोला, आर्लिसला, नमस्कार करायचा राहून जातो म्हणून कधी कधी वाईट वाटतं, पण फिरवली मान.

त्याच्याकडे एकशेसाठ एकर आहे. मुलगा मिनियापोलिसला असतो, त्याला शिकारीचं वेड नाही. आणि ते कुरण, जिथवर गाडी जाते. चालावं लागत नाही.

नाही. बाबांना कळलं तर तिथं बसण्यापेक्षा मेलेलं बरं म्हणतील.

२२ सप्टेंबर, रविवार

गेले. बाबांना सांगितलं, बसचं तेल बदलायचंय.

वाटेत भाषण घोकत होते. ‘जुनं ते जुनं, तुमचा आणि त्यांचा वाद मला नको, एक आजारी माणूस, नऊच दिवस.’ मक्याची चौकशी करून झाली. गुडघ्यांवर आले. व्हर्लिन अवजारांच्या शेडमध्ये करवतीच्या साखळीला कानस मारत होता. मान वर न करता म्हणाला, “जागा हवीय ना?”

माझं घोकलेलं सगळं वाया गेलं. हो म्हटलं.

“धारेवर बकथॉर्न माजलंय. ओकची रोपं वरच येऊ देत नाही. माझ्या गुडघ्यांनी आता होत नाही. काढशील?”

“काढीन.”

“मग शनिवारी ये. हातमोजे जाड आण, काटे वाईट असतात त्याचे.”

झालं! आर्लिसनी हाताला धरून आत नेलं, कॉफी दिली, खजुराच्या वड्या दिल्या. स्वयंपाकघरात भिंतीवर ती शिंगं लावलेली. मी त्यांच्याकडे पाठ करून बसले. व्हर्लिनच्या ते लक्षात आलं, पण वडी खात राहिला. बाबा कसे आहेत हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही.

इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. फुकटचा मजूर मिळाला म्हणून असेल. असू दे. मला जागेशी मतलब.

२८ सप्टेंबर, शनिवार

हात सोलून निघाले. बकथॉर्न म्हणजे काय चीज आहे, ते कापल्याशिवाय कळत नाही. कापलं की बुंध्याला लगेच औषध फासायचं, नाहीतर वसंतात एकाचे दहा होतात. मी कापत होते आणि व्हर्लिन आपल्या उघड्या रानगाडीत बसून मागून डबा घेऊन येत होता, चुकलेले बुंधे दाखवत. “तिथं एक राहिलं. तिथं एक. बस चालवताना पोरंपण अशीच मागं सोडतेस का?”

शिकारीची जागा म्हणजे नुसतं बसायचं ठिकाण नव्हे, हे बाबा नेहमी म्हणतात. रान सांभाळलं तर हरीण येतं. ओकला ऊन मिळालं तर फळ धरतो, फळ पडलं तर हरीण थांबतं. जर्डींच्या रानात हे सगळं आम्हीच करायचो. पामर नुसते बघायचे आणि बिअर आणून द्यायचे.

संध्याकाळी बाबांनी माझे हात बघितले. मलमाची डबी टेबलावर आणून ठेवली.

५ ऑक्टोबर, शनिवार

आज सांगावंच लागलं. आणखी किती दिवस बसच्या तेलावर ढकलणार?

त्यांना खुर्चीत बसवलं, गोळी दिली, मग बोलले. ओडेगार्डच्या रानात जागा मिळालीय. मी जाऊन मागितली. रागवायचं तर माझ्यावर रागवा. तयारी ठेवली होती — आरडाओरडा करतील, धाप लागेल, डॉक्टरांचा नंबर समोरच काढून ठेवला होता.

बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “वायव्येचा वारा असला तर त्या कुरणाच्या खालच्या अंगाला बसता येईल.”

बस! अठ्ठावीस वर्षं! ज्या नावानं आईच्या मयताच्या जेवणातही त्यांनी कॉफी सोडली, त्या नावावर एवढंच. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट संडासात जाऊन रडले. माणूस आतून संपला की असं होत असणार. भांडायलाही जोर लागतो. माझे बाबा भांडण सोडून देतील इतके थकलेत, हे मला आज कळलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

धार साफ झाली. आज नुसतं हिंडले, खुणा वाचत. डोंगराच्या दोन सोंडांच्या मधे एक खिंड आहे, तिथं सगळ्या वाटा एकत्र येतात. पायवाट इतकी पडलेली की गुरांची वाटावी. एका कोवळ्या झाडाची साल मांडीइतक्या उंचीवर ताजी सोललेली, नरानं शिंगं घासून. खाली जमीन उकरलेली. बाबा बरोबर असते तर टोपी काढली असती. अशी जागा मी जर्डींकडेही पाहिली नाही.

पण चढ आहे. बाबांना तिथवर नेणं शक्य नाही. खांद्यावर घेतलं तरी नाही.

व्हर्लिन रानगाडी घेऊन खालपर्यंत आला आणि तिथून हाका मारत सगळं सांगत राहिला. कुठला ओक वर्षाआड फळतो. कुठला झरा गोठत नाही. कुठून कुंपण कमकुवत आहे. पुढच्या वर्षी ती दोन मॅपलची झाडं पाड म्हणाला, म्हणजे खिंडीत ऊन उतरेल. मी हो हो म्हटलं. म्हाताऱ्या माणसाला पुढच्या वर्षाबद्दल बोलायला आवडतं. माझं पुढचं वर्ष कुठं आहे, मला विचारा.

१५ ऑक्टोबर

बाबांना आज उठवलं नाही. झोपू दिलं. श्वास मोजायची सवय लागलीय, वाईट सवय.

२६ ऑक्टोबर, शनिवार

जागा सापडली! कुरणाच्या खालच्या कोपऱ्यात, ओढा वळतो तिथं. गाडी थेट जाते. पाठीशी मातीचा उंच बांध आहे, म्हणजे वारा अडेल आणि माणसाची आकृती उठून दिसणार नाही. समोर उतार आहे, गोळी चुकली तर मातीत जाईल, पलीकडच्या घराकडे नाही. खिंडीतून निघालेल्या माद्या सकाळी पाण्याला इथूनच उतरतात, चिखलात खूर उमटलेत.

आडोसा करून द्यायचा. स्वयंपाकघरातली त्यांची खुर्ची तिथं मावली पाहिजे, दुसऱ्या खुर्चीत त्यांना श्वास घेता येत नाही. मांडीवर घोंगडी, पायाशी गरम विटा. मी सगळं मापून आले.

आता मला दुसरं काहीच नको. एकदा त्यांनी तिथं बसावं, एक हरीण पुढं यावं. मग काय व्हायचं ते होवो.

९ नोव्हेंबर, शनिवार

मोठ्या हौसेनं आडोसा उभा केला. पिवळ्याधमक फळ्या, वर छप्पर, आत पुठ्ठा लावून घेतला. इतका नीटनेटका की आर्लिस म्हणाल्या, आम्ही दोघं इथं राहायला येतो.

व्हर्लिन आला, बघितलं, नाक मुरडलं. “नवं लाकूड. आणि तेही हंगामाला दोन आठवडे राहिले असताना. खोऱ्यातल्या सगळ्या हरणांना आमंत्रण पाठवलंस, की इथं माणूस बसणार आहे म्हणून?”

बरोबर होतं त्याचं. नव्या लाकडाला राळेचा वास असतो, रंगही दुरून चमकतो. हे मी बारा वर्षांची असताना शिकले होते. आडोसा करायचा तर उन्हाळ्यात, म्हणजे शिकारीपर्यंत तो रानाचाच होऊन जातो. इतकी वर्षं शिकार करणारी बाई, आणि बापाला ऊब मिळावी या नादात पहिला धडा विसरले. खाली ओढ्याच्या चिखलात बघितलं. काल-परवाचे खूर नव्हते. सगळे जुने.

मी त्या फळ्यांवर बसले आणि मला उठावंसंच वाटेना. व्हर्लिन निघून गेला. वाटलं, कंटाळून गेला. तासाभरानं आला तो रानगाडीवर जुन्या गोठ्याच्या करड्या फळ्या लादून. पाऊस खाऊन खाऊन राख झालेल्या. गोठ्याची मागची भिंत त्यानं पहारीनं उचकटली होती, त्या गुडघ्यांनी! म्हणाला, “यांना शेणाचा वास आहे. गाईच्या वासाला हरीण घाबरत नाही. तुझं ते फर्निचर काढ आता.”

अंधार पडेपर्यंत दोघांनी मिळून उभं केलं. छप्पर नाही, पुठ्ठा नाही. तीन बाजूंना कमरेइतक्या फळ्या. मी आभार मानले तेव्हा तो म्हणाला, तुझ्यासाठी नाही केलं. आणि गाडी वळवली. बाबांसाठी केलं असं त्याला म्हणायचं असेल, पण ते तोंडातून निघत नसेल.

१६ नोव्हेंबर

आडोशाजवळ गेले नाही. दुर्बिणीनं रस्त्यावरूनच बघितलं. ओढ्यावर दोन माद्या. जिवात जीव आला.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या पहिला दिवस. बाबांनी सकाळपासून तीनदा बंदूक पुसली. नारिंगी कोट त्यांना मोठा होतोय, खांद्यावरून घसरतो. आईनं लावलेलं बटण अजून आहे. दुपारी लेफ्सा, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या केल्या, साखर-लोणी लावून कागदात गुंडाळल्या.

त्यांना आडोसा समजावून सांगितला — वारा, उतार, माद्यांची वाट. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि तू कुठं बसणार?”

म्हटलं, तुमच्याजवळ.

“दोघांचा वास कशाला एका जागी? वर खिंड आहे म्हणालीस ना. तिथं बस.”

मी वाद घातला. तुम्हाला काही झालं तर? ते म्हणाले, काही व्हायचं असेल तर तू शेजारी बसून थांबवणार आहेस का? त्यांना एकट्याला शेवटचं बसायचं असेल. तेवढा हक्क आहे त्यांचा. उद्या कसं धरून बसणार आहे मी वर, माझं मला माहीत.

२३ नोव्हेंबर, शनिवार

सगळं लिहून ठेवते, नंतर विसरेन.

फटफटायच्या आधी त्यांना खुर्चीत बसवलं, घोंगडी खोचली. व्हर्लिन कुरणाच्या फाटकाशी उभा होता, फाटक उघडून धरायला. बाबांनी गाडीतून दोन बोटं वर केली. त्यानं मान हलवली. इतक्या वर्षांनी एवढंच. मला वाटलं होतं, कुणीतरी काहीतरी बोलेल.

मी खिंडीत गेले. उजाडलं. दूरदूरच्या धारांवरून बार ऐकू यायला लागले, पण खालून काहीच नाही. कान सगळे खाली. ऊन झाडांच्या शेंड्यांवर आलं तेव्हा तो आला. नर, शिंगांना आठ टोकं, मान जाड, नाक जमिनीला लावून थेट वाटेनं. मला बाबांची आठवणच राहिली नाही, खरं सांगते. फक्त त्याचा खांदा दिसत होता. एक बार. तो थोडा धावला आणि ओकखाली पडला. मी जवळ जाऊन बसले, हात त्याच्या मानेवर ठेवला. गरम होता. बाबा शिकवतात तसं मनातल्या मनात आभार मानले.

मग आठवण झाली आणि मी उतारावरून जवळजवळ घसरतच खाली आले. बाबा खुर्चीत. डोळे उघडे. बंदूक मांडीवर. म्हणाले, “एकच ऐकला. म्हणजे नीट लागला.”

विचारलं, तुमच्यासमोर काही आलं नाही का? म्हणाले, चार माद्या आल्या, पाणी प्यायल्या, वर गेल्या. मग बार का टाकला नाही? “बार टाकला असता तर वरचा नर परत फिरला असता,” म्हणाले. आणि चेहरा असा, जसा मी बाराव्या वर्षी पहिल्यांदा बंदूक घेऊन बसले तेव्हा होता. बापाच्या शेवटच्या हंगामात मीच शिकार केली, आणि खूश तेच!

व्हर्लिन रानगाडी घेऊन आला. दोघं म्हातारे त्या हरणावर वाकले. गोळीचं भोक बघितलं, बोटानं चाचपलं. व्हर्लिन म्हणाला, “या खेपेला भोक एकच आहे.” बाबा म्हणाले, “हो. वाद नाही.” आणि दोघं हसले. आधी एक, मग दुसरा. मी तोंड फिरवून दोर बांधत बसले.

२५ नोव्हेंबर

हरणाचं डोकं रोगाच्या तपासणीला देऊन आले. निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये. बाबांना धीर नाही, रोज विचारतात.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग. आर्लिसनी जेवायला बोलावलं. बाबांना त्यांच्या घराचा जिना चढवेना, म्हणून त्या दोघांनी टर्की उचलून आमच्याकडेच आणली. बाबांनी आणि व्हर्लिननी एकाच किटलीतली कॉफी घेतली. हरणांबद्दल बोलले, मक्याबद्दल, पामरबद्दल. त्या एका हरणाबद्दल नाही.

पुढचा हंगाम नाही, हे मला माहीत आहे. बाबांशिवाय मी कशाला जाणार रानात? बंदूक पुसून कपाटात ठेवली. माझीपण. पण यंदाचा मिळाला त्यांना. मी मिळवून दिला. आज पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटतंय.

१ डिसेंबर, रविवार

हंगाम संपला. फळ्या काढायला गेले. व्हर्लिन म्हणाले, राहू दे, पुढच्या वर्षी लागतील. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बाबा नसतील. म्हणाले, “जागा सेल्मरसाठी दिलीच नव्हती. तुला दिली.”

मग सांगितलं. मी बस घेऊन गेलेली असताना बाबा स्वतः गाडी चालवत त्यांच्याकडे गेले होते. लोवेलनं मला परत पाठवल्यावर दोन दिवसांनी. गोठ्याशी खांबाला धरून, दम खात उभे राहिले. “म्हणाला, ते हरीण तुझंच होतं, व्हर्लिन. माझी गोळी खुराला चाटून गेली. मी उगाच अडून बसलो. मी गेल्यावर माझ्या पोरीला कुणी रानात घेणार नाही. तिला जागा दे.”

मी विचारलं, म्हणजे खरंच तुमचं होतं?

ते फळीवरून हात फिरवत राहिले. “सोललं मीच ना. गोळी फुप्फुसातून गेली होती, त्याची. त्यालाही माहीत होतं, मलाही. तरी तो माझ्यासमोर उभा राहून खोटं बोलला. आणि मी मान हलवली.”

घरी आले. बाबांनी विचारलं, फळ्या आणल्यास का. म्हटलं, नाही, तिथंच राहू दिल्या. ते हसले फक्त.